थांबायचं कोणी ठरवायचं?

घाटाखालच्या खामगावात मे महिन्यात सकाळी आठलाच ऊन चटके देतं. मल्टिपल स्क्लेरॉसिस असलेल्या बाईला तर ते जास्तच बाधतं. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती मज्जातंतूंवरच्या आवरणावरच उलटते. मग अंग जरा तापलं की संदेश अडखळतात, पाय जड होतात. व्यायामानंतर रुग्णांची नजर काही काळ धूसर होते, असं विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रवैद्यानं १८९० मध्येच नोंदवलं होतं. पुढे कितीतरी वर्षं डॉक्टर आरामच सांगत राहिले. पुरुषांच्या दुपटी-तिपटीनं बायकांना गाठणारा हा आजार. त्यामुळे व्यायामाचा प्रश्न पुष्कळदा नवऱ्यापाशी येऊन थांबतो. खालचं जोडपं कल्पनेतलं आहे.

ती : उद्यापासून मी एकटीच जाणार चालायला.

तो : काहून? मी सोबत असलो तर बिघडलं कुठं?

ती : सोबत कुठं, तुम्ही मागे असता. पाय जरा घासला की, ‘बस झालं, चल घरी.’ अन् मंगळवारी मी नको म्हटलं, तर ‘कंटाळा करू नको.’ चालायचंही तुम्हीच ठरवणार अन् थांबायचंही.

तो : डॉक्टरांनी व्यायामाची आठवड्याला १५० मिनिटं सांगितली आहेत.

ती : हळूहळू वाढवत, ज्याच्या त्याच्या कुवतीप्रमाणे, हेही सांगितलंय. तेवढं बरं विसरता.

तो : बरं, तुझा थकवा कोणता अन् आळस कोणता, हे मी बाहेरून कसं ओळखू?

ती : मला तरी आतून दरवेळी कुठं कळतं?

तो : मग तुझाच शब्द अखेरचा कशाला?

ती : पाय माझे आहेत म्हणून.

तो : पडलीस तर उचलणारे हात माझे असतात.

इथे मला त्याचं म्हणणं सहज खोडता येत नाही. ‘माझं शरीर, माझा निर्णय’ हे खरंच. पण तिच्या पडण्याची झळ दोघांना बसते. म्हणून पडण्याची भीती वाटण्याचा हक्क त्याला आहे. त्या भीतीच्या जोरावर तिचं चालणं आवरण्याचा हक्कही त्यातूनच मिळतो का, याबद्दल मात्र मला शंका आहे.

तो : मग आराम कर. घरातलं सगळं मी बघतो.

ती : तेच तर. तुम्ही दोरीवर कपडे घालणंसुद्धा माझ्याकडून काढून घेतलंत. आरामानं पाय आणखी लुळे पडतात.

हे तिच्या मनचं नाही. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात जॅक पेटाजन आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांकडून १५ आठवडे व्यायाम करून घेतला. त्यांची ताकद आणि दमसास दोन्ही वाढले. आरामाचा जुना सल्ला तेव्हापासून डळमळला.

तो : म्हणजे मी काम केलं तरी चुकलं, नाही केलं तरी चुकलं!

ती : कोणतं काम, ते बघा ना. नळ कधी चौथ्या दिवशी येतो, कधी आठव्या, तोही पहाटे. टाकीत मोटर लावायची, पिण्याचे हंडे वेगळे, ओट्याखालचा ड्रम वेगळा. ते उरकेपर्यंत माझ्या अंगातलं सगळं संपलेलं असतं. मग तुम्ही बूट घालून म्हणता, ‘चल!’ रस्त्यावर बायका म्हणतात, ‘नवरा किती जीव लावतो!’ पाणी भरताना कोण बघतं?

तो : (थांबून) एकटी गेलीस अन् झोक गेला, तर लोक काय म्हणतील, माहीत आहे ना?

ती : सकाळीच प्याली म्हणतील. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात या आजाराचं नाव आहे, पण हातात काठी नसली की कोणाला पटतं? तुम्ही शेजारी असलात की मी आजारी, नसलात की बेवडी. अन् आठ दिवस अकोल्याला गेलात, तर माझं चालणंच बंद.

तो : घाटावर जाऊन राहू. बुलढाण्याची हवा गार आहे.

ती : तिथंही नळ असेलच की!

तो : बरं, पाणी मी भरतो. तू उजाडायच्या आत जा, ऊन व्हायच्या आधी. फोन ने. पडलीस तर?

ती : फोन करीन.

तो : अन् करता नाही आला तर?

ती : तर या शोधायला. पण अर्धा तास झाल्याशिवाय नाही.

तो : वीस मिनिटं.

ती : बघा, पुन्हा तुम्हीच ठरवताय.