हातांना मिळालेले दान



दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या घराघरांत एकच प्रश्न असतो, “आता याला कोणत्या लाइनला टाकायचे?” कोणी म्हणतो इंजिनिअरिंग. कोणी म्हणतो, प्लांटमध्ये चिकटला की बस्स. ज्याच्या आयुष्याचा प्रश्न आहे, त्याला मात्र सर्वांत शेवटी विचारले जाते. आपल्यातच एखादा मुलगा किंवा मुलगी असते, जी बंद पडलेला रेडिओ उघडून तासन्‌तास त्यात रमते. आपण “पसारा आवर” म्हणून रागावतो. ही आवड त्या लेकराला कोणी दिली, याचा विचार आपण करतो का?

निर्गमाच्या ३१ व्या अध्यायात देव बसालेलला नावाने निवडतो आणि आपल्या आत्म्याने भरून टाकतो. कशासाठी? संदेश सांगण्यासाठी नव्हे, तर सोने, चांदी, पितळ, लाकूड व रत्ने यांवर कारागिरी करण्यासाठी. म्हणजे हातातले कसब हेही पवित्र आत्म्याचे दान आहे. बेन सिराच्या पुस्तकात, ३८ व्या अध्यायात, शेतकरी, लोहार व कुंभार यांच्याविषयी सांगितले आहे. त्यांना सभेत मानाची जागा मिळत नाही, पण त्यांच्यावाचून नगर वसत नाही. त्यांचे काम हीच त्यांची प्रार्थना असते.

खापरखेड्यात राहणाऱ्या आपल्याला हे वेगळे सांगायला नको. येथील सध्याच्या औष्णिक केंद्राचा २१० मेगावॅटचा पहिला संच १९८९ मध्ये सुरू झाला, पुढे ५०० मेगावॅटचा संचही आला. लोकांना चिमण्या दिसतात. पण बॉयलरमधील दाब आणि तापमान क्षणोक्षणी मोजणारी उपकरणे दिसत नाहीत, आणि ती नीट ठेवणारे हातही दिसत नाहीत. एक आकडा चुकीचा दाखवला गेला, तर पाळीवर असलेल्या माणसांचा जीव धोक्यात येतो. इलेक्ट्रॉनिक्सचे काम ही अशा रीतीने शेजाऱ्याची सेवाच आहे.

मात्र आवड ही पारखून घ्यावी लागते. आपले लेकरू वस्तू नुसती उघडते, की बिघाड सापडेपर्यंत चिकाटीने बसते? ज्याला दुरुस्तीत गोडी आहे, त्याच्यासाठी आयटीआयमध्ये दोन वर्षांचा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक हा ट्रेड आहे. मोजमापाच्या यंत्रांत रस असेल तर इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक आहे. सर्किट असे का चालते, हा प्रश्न ज्याला स्वस्थ बसू देत नाही आणि ज्याला गणिताचा कंटाळा नाही, त्याने दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करावा. त्यातून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. आयटीआयला जाणे म्हणजे कमीपणा, हा विचार आपण मनातून काढून टाकू या. आपला तारणारा स्वतः सुतार म्हणून ओळखला जात होता.

शिकण्याची जागाही पारखावी. संत जॉन बॉस्को यांनी १८५२ च्या सुमारास तूरीन शहरात आपल्या मुलांसाठी मालकांशी लेखी करार केले. मालकाने धंदा खरोखर शिकवावा, घरकामाला जुंपू नये, मारहाण करू नये, सणवारी सुट्टी द्यावी, अशा अटी त्यांत होत्या. आपल्या मुलाला कामावर ठेवताना आपणही एवढी चौकशी करू या.

पोट भरणे आवश्यकच आहे; संत योसेफानेही आपल्या कुटुंबासाठी घाम गाळला. पण कायम नोकरीच्या जाहिरातीची वाट बघत वर्षामागून वर्ष घरी बसणे म्हणजे दाखल्यातील त्या सेवकाप्रमाणे धन्याचे धन जमिनीत पुरून ठेवणे होय. परीक्षा जरूर द्यावी, परंतु हात रिकामे ठेवू नयेत. वायरिंग, इन्व्हर्टर, सोलर, सीसीटीव्ही, मोबाइल दुरुस्ती, जे काम समोर येईल त्यात कसब वाढत जाते.

आणि समाधान? ते केवळ आवडीचे काम मिळाल्याने येत नाही. एखादी आजी बंद पडलेला टीव्ही घेऊन दुकानात येते. आत फक्त एक लहानसा कपॅसिटर गेलेला असतो. “आजी, पूर्ण बोर्ड बदलावा लागेल,” असे सांगितले तरी तिला कळणार नाही. परंतु देवाला कळते. खरे सांगून, रास्त मजुरी घेऊन जो रात्री घरी जातो, त्याला मिळणारी शांती कोणत्याही पगारपत्रकात लिहिलेली नसते.

पालकांनो, आज मिस्सानंतर घरी गेल्यावर लेकराला शेजारी बसवा. त्याला काय करायला आवडते, त्यासाठी कष्ट घ्यायची तयारी आहे का, आणि त्या कामाने कोणाचे भले होईल, हे तीन प्रश्न त्याला विचारा आणि उत्तर शांतपणे ऐका. आपल्या धर्मग्रामातही या क्षेत्रात काम करणारे बांधव असतील. त्यांच्याशी त्याची गाठ घालून द्या.

हे प्रभो, तू आमच्या मुलांच्या हातांत ठेवलेले दान ओळखण्याची दृष्टी आम्हांला दे, आणि त्यांच्या हातून प्रामाणिक सेवा घडू दे. आमेन.