सुपारी आणि चालीचा हक्क

चैत्रातल्या यात्रा जवळ आल्या की नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. जुन्नर-आंबेगावचेच नव्हे, दूरदूरच्या गावांचे पंच येतात, आकडा ठरतो, सुपारी दिली जाते. खेळ झाला, पैसे चुकते झाले की व्यवहार संपला. या रीतीत खोट नाही. पण फडासाठी ज्याने चाल बांधली, त्याचा व्यवहार कधी संपतो? खेळ एका रात्रीचा. चाल मात्र पुढे मोबाइलवर वर्षानुवर्षे वाजते आणि कुणाला तरी पैसा देत राहते.

घाम वाळण्याआधी मजुरी द्यावी, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण मजुरी श्रमाची असते, हक्क निर्मितीचा. दोन्हींचा हिशेब एकच कसा?

याच प्रश्नावर १९६० च्या दशकात महंमद रफी आणि लता मंगेशकर यांच्यात दुरावा आला. गाण्याचे पैसे मिळाले, आता पुढे दावा नाही, असे रफीसाहेबांचे मत. लताबाईंना रॉयल्टीत वाटा हवा होता. रफीसाहेबांची समाधानी वृत्ती आपल्याला जवळची वाटते. तरीही, आपला हक्क सोडणे ही उदारता. दुसऱ्याला त्याचा हक्क सोडायला सांगणे ही उदारता नव्हे.

१९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने, वेगळा करार नसेल तर, चित्रपटासाठी पैसे देऊन करून घेतलेल्या संगीताचा मालक निर्माता ठरवला. २०१२ च्या दुरुस्तीनंतर मात्र, चित्रपटगृहातले प्रदर्शन वगळता, चित्रपटातल्या वा इतर ध्वनिमुद्रित गाण्याच्या रॉयल्टीतला समान वाटा गीतकार-संगीतकाराला निर्मात्याच्या नावे लिहून देताच येत नाही. स्वखुशीने सोडायलाही मनाई का? कारण घरची चूल पेटवण्यासाठी केलेल्या सहीत खुशी किती असते, हे आपल्यातल्या बँडवाल्यांना, कव्वालांना विचारावे.

मंचरचा एखादा तरुण यात्रा कमिटीसाठी गाणे करील, तेव्हा बोलणी आधीच कागदावर यावीत: गाणे कुठे वाजेल, किती वर्षे, पुढच्या कमाईत वाटा किती. हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर कायदा ५ वर्षेच धरतो, हेही ठाऊक असावे.

अशी मागणी करताना कलावंताला संकोच वाटतो. म्हणून ही जबाबदारी आपण, काम सांगणाऱ्यांनी, घ्यावी. आपणच आधी विचारले, तर त्याला हात पसरल्यासारखे वाटणार नाही.