पाठमोरी वाटचाल

नौकानयनाच्या शर्यतीत एक गोष्ट अशी आहे की जी दुसऱ्या बहुतेक खेळांत आढळत नाही. धावणारा, पोहणारा, सायकल चालवणारा, सगळे आपल्या ध्येयाकडे तोंड करून जातात. वल्हे मारणारा मात्र ध्येयाकडे पाठ करून बसतो. दोन हजार मीटरचे अंतर तो पाठमोराच कापतो. त्याला दिसते ते मागे पडलेले पाणी, मागे पडलेला काठ आणि मागे पडलेले प्रतिस्पर्धी. पुढे असलेले त्याला सहजासहजी दिसत नाहीत. या एका गोष्टीने आम्ही बरेच दिवस विचारात पडलो आहोत. कारण माणसाच्या आयुष्याचीही बैठक बहुधा अशीच असते. काय होऊन गेले ते आपल्याला दिसते, काय येणार ते दिसत नाही. मग अर्ध्या वाटेत असलेल्या माणसाचा निवाडा आपण काठावर उभे राहून कशाच्या बळावर करतो?

हा प्रश्न हवेत राहू नये म्हणून आम्ही आपल्याच महाराष्ट्रातील एका खेळाडूचे उदाहरण घेतो. नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्यात तळेगाव रोही नावाचे गाव आहे. हा मुलूख पाण्यासाठी तरसणारा. दत्तू भोकनळ याच गावचा. वडिलांबरोबर तो विहिरी खणण्याच्या कामावर जाई. २०११ साली वडील वारले आणि घराचा भार थोरल्या मुलावर आला. त्याने पेट्रोल पंपावरही काम केले. २०१२ मध्ये तो सैन्यात भरती झाला आणि तेथे त्याच्या हाती प्रथमच वल्हे आले. ज्याने पाणी पाहिले ते खोल विहिरीच्या तळाशी, त्याला आता पाण्याच्या पृष्ठावर तोल सांभाळायचा होता, आणि आरंभी त्याला पाण्याची भीतीही वाटे. तरीही २०१५ साली बीजिंग येथील आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत त्याने रौप्यपदक मिळवले आणि पुढच्याच वर्षी रिओच्या ऑलिंपिकसाठी तो पात्र ठरला. त्या तयारीच्या दिवसांत त्याची आई अपघातानंतर अंथरुणाला खिळलेली होती आणि पोटच्या मुलाला ओळखण्याचेही भान तिला उरले नव्हते, हे येथे नमूद केले पाहिजे.

रिओत त्याचा क्रमांक तेरावा आला. या तेरा आकड्यामागे एक मौज दडलेली आहे. या खेळात उपांत्यपूर्व फेरीत मागे पडलेल्यांनाही घरी धाडत नाहीत. त्यांच्या वेगळ्या शर्यती होतात आणि प्रत्येकाचा क्रमांक ठरवला जातो. पहिल्या बारा जागांचा निर्णय वरच्या दोन अंतिम शर्यतींत होतो. तिसऱ्या अंतिम शर्यतीत जो पहिला येतो तो एकंदरीत तेरावा. दत्तू त्या शर्यतीत पहिला आला. म्हणजे एकाच क्षणी तो पहिलाही होता आणि तेरावाही. त्याला विजयी म्हणावे की पराभूत? ज्याने बारा जणांकडे पाहिले त्याला पराभव दिसला, आणि ज्याने चार वर्षांपूर्वीच्या त्या तरुणाकडे पाहिले त्याला आणखी काही दिसले. आकडा एकच, मोजणीचा आरंभ कोठून करावा एवढाच काय तो फरक.

परंतु खरा कस लागला तो २०१८ च्या हंगामात. त्या वर्षीच्या आशियाई क्रीडा स्पर्धांतील नौकानयन इंडोनेशियातील पालेमबांग येथे झाले. २३ ऑगस्ट रोजी एकेरीच्या अंतिम शर्यतीत दत्तू उतरला. तो तापाने आजारी असल्याचे तेव्हाच्या वार्तांकनात आले होते. त्या शर्यतीत मध्येच त्याची नौका थांबली आणि तो अखेरचा आला. त्या दिवशी भारतीय चमूतील कोणाच्याही हाती पदक लागले नाही. दुसऱ्या दिवशी, २४ ऑगस्टला सकाळी, तोच दत्तू स्वर्ण सिंग, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासह चौघांच्या नौकेत बसला. त्यांनी ६ मिनिटे १७.१३ सेकंदांत अंतर कापून सुवर्णपदक पटकावले. आशियाई स्पर्धांतील नौकानयनात भारताला मिळालेले हे दुसरेच सुवर्ण. पहिले बजरंगलाल ताखर यांनी २०१० साली ग्वांगझौ येथे मिळवले होते.

कथा येथे संपली असती तर ती शाळेच्या क्रमिक पुस्तकात शोभली असती. तशी ती संपली नाही. २०१९ च्या मार्चमध्ये राष्ट्रीय संघटनेने त्या एकेरीच्या शर्यतीबद्दल, तो हेतुपुरस्सर थांबला असा ठपका ठेवून, त्याच्यावर दोन वर्षांची बंदी घातली. आपण मुद्दाम थांबलो नाही, असे त्याचे म्हणणे होते. २०२० च्या जानेवारीत ती बंदी मागे घेण्यात आली.

कोण बरोबर आणि कोण चूक हे ठरवण्यासाठी आम्ही हा विषय काढलेला नाही. तो अधिकारही आमचा नव्हे. आम्हांस छळतो तो त्यामागचा प्रश्न. शर्यतीत मध्येच थांबणे हा दोष कधी ठरतो?

जो कठोर आहे तो म्हणेल: ज्याने देशाचा पोशाख अंगावर चढवला त्याने शेवटच्या वल्ह्यापर्यंत झटलेच पाहिजे. या म्हणण्यात तथ्य आहे, ते आम्ही नाकारत नाही. जो स्पर्धेत उतरतो तो प्रतिस्पर्ध्याला आणि पाहणाऱ्यांना एक अबोल वचन देत असतो. ते वचन सोयीनुसार मोडता आले तर खेळाला अर्थच उरणार नाही. जो मवाळ आहे तो म्हणेल: शरीर हे काही लोखंड नव्हे, आणि उद्या आपल्यावर विसंबून तिघे जण नौकेत बसणार असतील तर त्यांचेही आपण देणे लागतो. या म्हणण्यातही तथ्य आहे. चौघांच्या नौकेत एकाचे वल्हे ढिले पडले की उरलेल्या तिघांचे कष्ट वाया जातात. तात्पर्य, थांबणे ही कृती बाहेरून एकच दिसते, परंतु आत ती भीरुता असू शकते, हिशेब असू शकतो, कर्तव्य असू शकते अथवा निव्वळ असहायता असू शकते. कृती डोळ्यांना दिसते. हेतू दिसत नाही. आणि दोषाचे वजन तर हेतूवरच ठरते.

येथे आम्हांस एक जुनी हकीकत आठवते. १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाचा बॉबी पिअर्स एकेरीच्या उपांत्यपूर्व शर्यतीत असताना त्याच्या नौकेपुढून बदकांची रांग जाऊ लागली. त्याने वल्ही थांबवली, बदकांना जाऊ दिले, मग पुन्हा वेग घेऊन ती शर्यत जिंकली आणि पुढे सुवर्णपदकही मिळवले. आज त्याच्या भूतदयेची गोष्ट कौतुकाने सांगितली जाते, आणि ती सांगण्याजोगी आहेच. पण वाचकहो, क्षणभर अशी कल्पना करा की बदकांसाठी थांबल्यामुळे तो हरला असता. तेव्हाही आपण त्याचे गोडवे गायले असते का? की हातची शर्यत पक्ष्यांपायी घालवणारा भोळा म्हणून त्याला हसलो असतो? दया तर तेवढीच असती. या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर आम्ही आमच्या मनाला विचारले, आणि आम्हांस थोडी लाज वाटली. ज्याला आपण नीतीचा न्याय म्हणतो तो कित्येकदा निकालाच्या मागून चालणारा न्याय असतो. जिंकलेल्याचे थांबणे हे औदार्य आणि हरलेल्याचे थांबणे हा गुन्हा!

हे सारे क्रीडांगणापुरते असते तर आम्ही एवढी शाई खर्च केली नसती. दहावीचा निकाल लागतो त्या दिवशी आपल्या घरांत काय होते ते आठवावे. वर्षभर रात्री जागलेला मुलगा चार गुणांनी मागे राहिला की त्या जागरणाचे मोल एका दुपारी शून्य होते. 'तू मनापासून केलेच नाहीस', हे वाक्य आईबापांच्या तोंडून किती सहज निघते! त्याने मनापासून केले की नाही, हे त्या एका कागदावर लिहिलेले नसते. नोकरी गमावलेला भाऊ, धंद्यात बुडालेला शेजारी, लग्न मोडून माहेरी परतलेली बहीण, या सर्वांच्या नौका आपण अर्ध्या वाटेत थांबलेल्या पाहतो आणि काठावरून ठपका ठेवतो. पालेमबांगला निदान दुसरा दिवस लगेच उजाडला. या माणसांचा दुसरा दिवस कधीकधी वर्षांनी उजाडतो, आणि तोवर आपला शेरा त्यांच्या अंगाला चिकटलेला असतो.

याचा अर्थ दोषाला दोष म्हणूच नये असा नाही. कष्टात कसूर करणाऱ्या मुलाला समज द्यावी लागते, आणि संघटनेला शिस्तही राखावी लागते. परंतु दोष देण्यापूर्वी विचारपूस करावी, दोष दिल्यावरही तो परत घेण्याची वाट मोकळी ठेवावी, आणि एका दिवसावरून माणसाची किंमत ठरवू नये, इतके तरी आपल्या हातचे आहे. दिलेली शिक्षा मागे घेता येते. जेवणाच्या ताटावर बोललेले कडवट वाक्य मागे घेणे त्याहून कठीण.

पाठमोरा वल्हवणारा नौका सरळ कशी नेतो, हा प्रश्न उरतोच. मधूनमधून तो खांद्यावरून मागे वळून पाहतो. परंतु एरवी सुटलेल्या काठावरची एखादी स्थिर खूण, एखादे झाड वा खांब, तो नजरेत धरतो आणि नौकेचे मागचे टोक त्या खुणेशी जुळते ठेवतो. आम्हांस वाटते, अडखळलेल्या माणसाच्या नजरेसमोर अशी एक खूण असण्याची फार गरज असते. ती खूण होणे घरातल्या माणसांना जमण्यासारखे आहे. त्यासाठी विशेष काही करावे लागत नाही; तो वल्ही टाकून बसला असला तरी आपण आपल्या जागेवरून हलायचे नाही, एवढेच.