बांधीतलं घरटं

“जग संपायचं तर असं संपावं,” मी म्हणालो. “जोडीनं.”

बायको धुऱ्यावर उभी होती. समोर बांधीत सारसांनी धान उपटून मीटरभर रुंद ढीग रचला होता. एक अंड्यांवर, दुसरा मान ताणून पहाऱ्यावर.

“संपून राहिलं त्यांचं, अन् शोभा तुम्हाला दिसते.”

महाराष्ट्रात सारस उरले ते जवळजवळ सगळे आमच्या गोंदिया जिल्ह्यात, वैनगंगा आणि बाघ नदीच्या खोऱ्यातल्या धानात. गणतीचा आकडा शंभरीच्या पुष्कळ आत.

“एक मेला की दुसरा अन्नपाणी सोडतो म्हणतात.”

“म्हणतात. दुसरा जोडीदार पाहतात, तेही लोकांनी पाहिलंय.”

तिचं चुकत नाही. सारसांचे अभ्यासक के. एस. गोपी सुंदर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर २०२२ साली तिघांनी मिळून राहणारे सारसही नोंदवले. मी निष्ठेचा मुद्दा सोडला.

“पण संपतंय हे त्यांना कळतं का? न कळता घरटं बांधणं, याला धैर्य कसं म्हणायचं?”

“धैर्य कोण म्हणालं? मी अंडी म्हणते.”

“दोन अंडी! एक पाखरू विजेच्या तारेला लागून जाईल, दुसरं फवारणीनं. मग?”

“मग तारेचं काही करा, फवारणीचं करा. तुम्ही दरवेळी मरणापाशी जाऊन थांबता, तारेपाशी जातच नाही.”

यावर बराच वेळ माझ्याजवळ उत्तर नव्हतं. खरं तर अजून नाही. एकदा शेवट ठरला की काहीच करावं लागत नाही, ही सोय त्यात असते हे तिनं बरोबर पकडलं होतं.

मग ती एकदम घरावर आली. “पोरगा न् सून म्हणाले, असल्या जगात मूल कशाला, तवा काहून चिडले होते? म्हणे, जग कुठं संपतं का! घरी जग चालते, अन् बांधीत संपते?”

“पोरगा विचार करून नाही म्हणतो. सारस तसं म्हणू शकत नाही.”

“म्हणूनच त्याची बांधी राखायची. सुनेचं तिनं पाहावं.”

इथं मात्र मला तिचं पटत नाही. पाखराच्या पिल्लासाठी एवढा जीव आणि नातवाच्या बाबतीत ‘त्यांची मर्जी’? दोन्हीकडे एकच न्याय हवा की नाही?

“काहून हवा?” ती म्हणाली, आणि निंदायला दुसऱ्या बांधीत उतरली.

आमचं तिथंच अडलंय. ज्यांच्या बांधीत घरटं पडलं असेल, त्यांनी आमच्या वादासाठी थांबू नये. सारसाचं अंडं साधारण महिनाभरात फुटतं आणि एक-दोन दिवसांत पिल्लू आईबापामागे चालू लागतं. तोवर त्या कोपऱ्यात फवारणी नको, निंदण नको, कुत्री नको. आणि वनविभागाला किंवा गोंदियाच्या ‘सेवा’ संस्थेला कळवा.