शेऱ्यामागचे मन

परोपकारी माणसाच्या मनात दुजाभाव असू शकतो, असे म्हटले की पुष्कळांना ते विसंगत वाटते. ज्याला दुजाभावच करावयाचा आहे तो अनाथालयात किंवा निराधारांच्या चौकशीच्या कामात कशाला येईल? परंतु प्रश्न द्वेषाचा नाही. द्वेष निदान ओळखू तरी येतो. जो ग्रह मनात केव्हा शिरला हे मनालाच ठाऊक नसते, आणि जो अनुभवाचा, फार काय, करुणेचाही वेष घेऊन वावरतो, त्याचा हा प्रश्न आहे.

भिक्षेचेच उदाहरण घ्यावे. माधुकरी मागून शिकलेल्या विद्यार्थ्याविषयी आपणांस आदर वाटतो. पहाटे दारी येणारा वासुदेव म्हणजे तर संस्कृतीचे लेणे. चौकात मोटारीपाशी हात पसरणारी बाई मात्र आळशी, नाहीतर कुणा टोळीची हस्तक वाटते. हात तिघांचाही पुढे आलेला असतो. निवाडा मात्र त्याआधीच झालेला असतो.

१९५९ सालचा मुंबईचा भीकप्रतिबंधक कायदा या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. गाण्याच्या, नाचण्याच्या वा भविष्य सांगण्याच्या निमित्ताने सार्वजनिक जागी दान घेणे, हीही त्याने भीकच ठरविली. शब्दशः पाहिल्यास आपला वासुदेवही त्यात सापडावा! शिवाय उपजीविकेचे दृश्य साधन नसलेला जो मनुष्य भिकेवर जगत असावा असे वाटण्याजोग्या अवस्थेत हिंडतो, तोही त्यात आला. असे वाटावयाचे कुणाला? अर्थात पाहणाऱ्याला. त्याच्या वाटण्यावर वर्ष ते तीन वर्षे, आणि पुनःपुन्हा दोषी ठरल्यास दहा वर्षांपर्यंत, माणसाला डांबून ठेवण्याची सोय झाली. हा कायदा पुढे दिल्लीसही लागू झाला. भीक मागणे हा गुन्हा ठरविणारी त्यातील कलमे दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरविली.

कायद्यातील ग्रह असा न्यायालयापुढे नेता येतो. चौकशीच्या अहवालातील ग्रह नेणे अवघड, कारण तो एखाद्या विशेषणात दडलेला असतो. निराधार विधवेचे घर सारवलेले, भांडी घासलेली दिसली, की ‘परिस्थिती बरी’ असा शेरा पडतो. तेच घर अस्ताव्यस्त असेल तर ‘निष्काळजी’. बिचारीने करावे तरी काय? तिने मान खाली घालून, दिराकडे पाहत उत्तर दिले की ‘माहिती दडविते’ असे लिहिले जाते. वास्तविक परक्या पुरुषाच्या नजरेला नजर न देणे हा कित्येक घरांत विनय समजला जातो. परप्रांती राहणाऱ्या आपणां मराठी मंडळींना हे निराळे सांगावयास नको. ‘आप’च्या जागी ‘तुम’ निघून गेले एवढ्यावरून उद्धट ठरलेली माणसे आपल्यात थोडी नाहीत.

मग जे अजाणता घडते त्याचा दोष माणसाकडे येतो काय? माझ्या मते, ग्रह मनात असणे हा दोष नव्हे. घर, जात, शाळा यांनी तो न विचारता दिलेला असतो. परंतु ज्याच्या लेखणीवर दुसऱ्याचे अन्न अवलंबून आहे, त्याला मनाची झडती घेण्याचा कंटाळा करण्याची मुभा नाही. केवळ चित्तशुद्धीने हे साधेल यावर माझा फारसा विश्वास नाही. मन स्वतःची साक्ष नेहमी स्वतःच्याच बाजूने देते.

त्यापेक्षा साधे उपाय बरे. जे डोळ्यांनी पाहिले ते एका रकान्यात, त्यावरून जो तर्क केला तो दुसऱ्या रकान्यात लिहावा. ‘निष्काळजी’ हा शब्द पहिल्या रकान्यात बसत नाही, हे लिहितानाच कळते. अहवाल ज्याच्याविषयी आहे त्याला तो त्याच्या भाषेत वाचून दाखवावा. नकाराचे शेरे मधूनमधून एकत्र काढून, ते कोणत्या वस्तीच्या, कोणत्या आडनावांच्या वाट्याला आले, हेही पाहावे. जुना, मुरलेला कार्यकर्ता यावर म्हणेल, ‘माणूस पाहताक्षणी मला कळतो.’ त्याचा अनुभव खोटा नसतो; पण ज्यांना त्याने परत पाठविले त्यांचे पुढे काय झाले, हे त्याच्या कानी क्वचितच येते, आणि त्यामुळे त्याचा अंदाज चुकल्याचे त्याला कुणी सांगत नाही.

या साऱ्याला वेळ लागतो. एका दिवसात वीस घरांची चौकशी उरकावयाची असली की मन आयत्या ठोकताळ्यांकडे धावते. तेव्हा एका माणसाकडे किती घरे सोपवावी, हे ठरविणाऱ्या वरिष्ठांनीही आपला आकडा एकदा तपासून पाहावा.