ती रागीट नाही, तू उतावळा आहेस

उभा राहा. मान वर कर आणि माझं बोलणं पूर्ण ऐक. मधेच 'पण सर' नको.

तुझी आई काल येऊन गेली. "याले जरा समजाडा, सर," एवढंच म्हणाली. पांडेसऱ्याच्या मिलमधून थकून येणारा बाप, भेस्तानच्या आवासातली एक खोली, जमिनीवर झोपणारी धाकटी बहीण, आणि त्या घरात तू टॅरंटुला पाळलीस. तिला नव्या टाकीत हलवायचं म्हणून काय केलंस? रात्री, पंखा चालू, दार सताड उघडं, आणि जुना डबा टाकीवर सरळ उपडा! मित्र मोबाईल धरून व्हिडिओ काढतोय. ती तुझ्या मनगटावरून धावत जिन्यात गेली. शेजारी झुरळांचा फवारा घेऊन आले. कुणाच्या पायाखाली न येता ती पुन्हा डब्यात आली, यात तुझं काही कर्तृत्व नाही. आणि वर मला ऐकवतोस, 'सर, ही जातच ॲग्रेसिव्ह आहे!'

जात कोणती ते विकत घेण्याआधी वाचलं होतंस? चिलोब्रॅकिस फिम्ब्रिएटस. पोकॉक या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने 1899 साली तिची नोंद केली. आपल्या पश्चिम घाटातली, बिळात राहणारी. आठ डोळे असून नजर अधू. सगळं जग तिला पायांवरच्या केसांना जाणवणाऱ्या कंपनांतून कळतं. अमेरिकेतल्या बऱ्याच टॅरंटुला पोटावरचे खाजरे केस झाडून शत्रूला पळवून लावतात. हिच्याकडे ते केस नाहीत. आधी ती पळते. पळायला जागा नसेल तर पुढचे पाय उचलून दात दाखवते. तेही कुणी जुमानलं नाही, तर चावते. तू तिचं बीळ उपडं केलंस, तिला उजेडात पाडलंस आणि वाऱ्यावर सोडलंस. मग तिने काय करायला हवं होतं? भेदरलेल्या जिवाला रागीट ठरवून स्वतःची चूक झाकू नकोस.

आणि हलवायचं कारण काय, तर म्हणे दोन आठवडे झुरळ खात नाही, बिळाचं तोंड जाळ्याने बंद करून बसली आहे, म्हणून जागा बदलू. अरे, ती कात टाकायच्या बेतात आहे! कोळ्याची वाढ कात टाकूनच होते, हे तुला आठवीत मी फळ्यावर आकृती काढून शिकवलं होतं. त्याआधी तो खाणं सोडतो आणि दार लावून घेतो. त्या काळात धक्का लागला तर पाय जुन्या कातीत अडकतात, जीवही जातो. सगळ्यात जास्त ज्या दिवसांत तिला एकटं सोडायचं, नेमके तेच तू निवडलेस.

म्हणून आता पहिली गोष्ट. ती जुन्याच डब्यात राहील. ओलसर कोकोपीट घाल, आडोशाला सालीचा तुकडा ठेव, बाटलीच्या झाकणात पाणी ठेव आणि डबा अंधाऱ्या, न हलणाऱ्या जागी ठेवून दे. झुरळ टाकायचं नाही; कात टाकणाऱ्या कोळ्याला जिवंत झुरळही कुरतडू शकतं. कात टाकल्यावर तिचे दात आधी पांढरे, मऊ असतात. ते काळे, टणक होईपर्यंत थांबायचं. त्यानंतरही दोन आठवडे जाऊ देत. तुला घाई असेल तर ती तुझी अडचण आहे, तिची नाही.

मग हलवायचं, पण भर दिवसा, बहीण शाळेत असताना. बाथरूममध्ये. मोरीच्या जाळीवर वीट, दाराखालच्या फटीत टॉवेल, पंखा बंद. मोठ्या टबात डबा आणि टाकी शेजारी शेजारी, म्हणजे निसटली तरी टबात राहील. हातात तिच्याहून मोठी पारदर्शक बरणी, जाड पुठ्ठा आणि लांब दांड्याचा मऊ ब्रश. चिमट्याने धरायचं नाही, पाय तुटतो. बिळात काडी खुपसायची नाही, पाणी ओतायचं नाही, अगरबत्तीचा धूर तर अजिबात नाही. कोंडलेला जीव तिथेच गुदमरेल. बिळाच्या तोंडापासून लांबच्या बाजूने चमच्याने थोडी थोडी माती काढत जायचं. ती वर आली की बरणी आडवी धरायची, मागच्या अर्ध्या भागावर काळं फडकं. अंधार दिसला की ती बहुतेक वेळा आपणहून आत शिरते. नाही शिरली तर मागच्या पायांना ब्रशचा हलका स्पर्श. एवढंच. पाय उचलून उभी राहिली तर हात मागे घ्यायचा आणि ती खाली बसेपर्यंत थांबायचं, मग अर्धा तास लागो. पुठ्ठ्याने बरणी बंद केल्यावरच श्वास सोड.

आता त्या टाकीबद्दल. उंचच उंच काच आणि तळाला चार बोटं माती! ही झाडावरची जात आहे का? कोळ्याला पाय लांबवायला तुझ्यामाझ्यासारखे स्नायू नाहीत. मुख्य सांधे तो शरीरातल्या द्रवाच्या दाबाने सरळ करतो. वीतभर उंचीवरून पडली आणि पोट फुटलं की द्रव गेला, दाब गेला, कोळी गेला. म्हणून तळाला पंधरा-वीस सेंटिमीटर ओलं, दाबून भरलेलं कोकोपीट हवं, आणि त्यावर झाकणापर्यंत तिच्या पायांच्या पसाऱ्याच्या दीडपटीहून जास्त मोकळी जागा नको. कोपऱ्यात झाडूच्या दांड्याने तिरकं भोक पाड आणि बरणीचं तोंड त्याच्याजवळ टेकव. खाली कसं खणायचं ते तिला कळतं. झाकणाला कडी लाव. ती कडी तुझ्या बहिणीसाठी आहे.

चावलीच तर साबण-पाण्याने धुवायचं, बर्फ लावायचा आणि थेट मजुरा गेटच्या नव्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये जायचं. स्नायूंत गोळे उशिरानेही येतात, म्हणून दुखणं थांबलं तरी जायचं. ब्लेड मारायची नाही, भगताकडे जायचं नाही. 2012 साली आसामात सदियाला कोळी चावल्याच्या बातम्या आल्या, दोन माणसं गेली. विषानेच गेली हे सिद्ध झालं नाही. मांत्रिकांनी ब्लेडने जखमा कापल्या होत्या, हे मात्र खरं. घाबरलेला माणूस काय करतो, ते तुझ्या जिन्यातही दिसलंच की.

शेवटचं, आणि याचाच मला जास्त संताप आहे. ही आली कुठून? कुरियरने, कापसात गुंडाळून. विकणाऱ्याने स्वतः पैदास केली, की घाटातलं बीळ खणून आणली? तू विचारलंसुद्धा नाहीस. पोकॉकने त्याच 1899 साली आंध्रातल्या गुत्तीच्या रेल्वे यार्डातून एका निळ्या टॅरंटुलाची नोंद केली. पुढे शंभर वर्षं ती कुणाला दिसली नाही. 2001 मध्ये नंद्याल आणि गिद्दलूरच्या मधल्या जंगलात सापडली, आणि आज ती अतिसंकटग्रस्त यादीत आहे. जंगल तुटतंय, आणि हौशी लोकांना विकणारेही तिच्या मागावर असतात. तुझ्यासारख्या गिऱ्हाइकांमुळेच त्यांचा धंदा चालतो. आणि कंटाळा आला म्हणून हिला डांगच्या जंगलात सोडून यायचं असलं काही डोक्यात असेल, तर आत्ताच काढून टाक. कुठून आली ते ठाऊक नसलेला प्राणी दुसऱ्या रानात सोडायचा नसतो. अशी मादी वर्षानुवर्षं जगते. आणलीस, आता सांभाळ.

आज संध्याकाळी विकणाऱ्याला लेखी विचार, ही कुठे आणि कुणाकडे जन्मली. सरळ उत्तर आलं नाही, तर त्याच्याकडून पुन्हा काहीही घ्यायचं नाही, आणि वर्गातल्या एकालाही घेऊ द्यायचं नाहीस.