न दिसणाऱ्या फरकाचे पैसे

जगात फरक दोन प्रकारचे असतात. एक, जो सगळ्यांना दिसतो. आणि दुसरा, जो फक्त पैसे न देणाऱ्याला दिसतो. साडीच्या दुकानात मोरपंखी आणि रामा या दोन रंगांतला फरक बायकोला दिसतो, दुकानदाराला दिसतो, पाणी आणून देणाऱ्या पोऱ्यालासुद्धा दिसतो. दिसत नाही तो फक्त पाकीट सांभाळत बसलेल्या नवऱ्याला. देवगडचा हापूस आणि रत्नागिरीचा हापूस यांतला फरक पाहुण्याला पहिल्याच फोडीला कळतो; पेटी आणणाऱ्याला भावातला तेवढा कळतो. या यादीत आमच्या चिरंजीवांनी नुकतीच एक भर घातली : साठ हर्ट्झ आणि एकशेवीस हर्ट्झ.

त्याचं असं झालं, की आमचा जुना टीव्ही बारा वर्षं इमानेइतबारे नोकरी करून सेवानिवृत्त झाला. रिकरिंगचे चाळीस हजार नुकतेच हातात आले होते. घरात त्या चाळीस हजारांचे दावेदार तीन. आईला संध्याकाळच्या मालिका आणि सकाळचं कीर्तन हवं. हिला ‘भिंतीला शोभेल असं काहीतरी’ हवं. आणि चिरंजीवांना हवा गेमिंगला चांगला टीव्ही. टीव्ही ही बघायची वस्तू आहे अशी माझी आपली चाळीस वर्षांची समजूत. चिरंजीवांच्या मते ती खेळायची वस्तू आहे. बघतात ते म्हातारे.

इतिहास पाहिला तर पोराची बाजू अगदीच लंगडी नाही. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. त्याच १९७२ साली अमेरिकेत ‘मॅग्नाव्हॉक्स ओडिसी’ नावाचं घरच्या टीव्हीला जोडायचं पहिलं खेळयंत्र बाजारात आलं, आणि त्याच साली अटारी कंपनीचा ‘पाँग’ हा चेंडूफळीचा खेळही आला. म्हणजे आपण पडद्यासमोर मांडी घालून ऐकून घ्यायला शिकत होतो, तेव्हा तिकडची पोरं पडद्याला उलट उत्तर द्यायला शिकत होती. आमच्याकडे ही उलट उत्तरं यायला थोडा उशीर झाला, एवढंच.

आता हे हर्ट्झ प्रकरण काय आहे ते सांगतो. पडद्यावरचं चित्र हलतं असं आपल्याला वाटतं; वास्तविक एकामागून एक स्थिर चित्रं येतात. सिनेमात सेकंदाला २४. साठ हर्ट्झचा टीव्ही सेकंदाला साठ चित्रं दाखवू शकतो, म्हणजे एक चित्र साडेसोळा मिलिसेकंदांपेक्षा किंचित जास्त वेळ टिकतं. एकशेवीसमध्ये ते सव्वाआठच्या आसपास. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. पापणी लवायलासुद्धा शंभराहून अधिक मिलिसेकंद लागतात. थोडक्यात, पापणी एकदा लवेपर्यंत जे बाराएक वेळा घडून गेलेलं असतं, त्यासाठी दुकानदार अठरा हजार रुपये जास्त मागत होता. मी भागाकार करून पाहिला. वाचवलेल्या दर मिलिसेकंदाला दोन हजारांहून अधिक. इतक्या भावाने वेळ विकत घेणारा माणूस मी आमच्या शाखेत पाहिलेला नाही. तिथे लोक पासबुक भरून घ्यायला पाऊण तास फुकट देतात.

“अहो बाबा, फरक दिसतो!” चिरंजीव म्हणाले.

“मला नाही दिसत.”

“तुम्हाला नाही दिसत म्हणजे नाहीच का?”

झालं! कर्ज नाकारायला बसलेल्या माणसाला अर्जदाराने एकदम उपनिषद विचारावं, तशी माझी गत झाली. कारण प्रश्न टीव्हीचा राहिलाच नाही. मला जो फरक दिसत नाही त्याचे पैसे मी का द्यावेत? आणि मला दिसत नाही म्हणून तो नाहीच, असं म्हणायचा मला अधिकार काय?

पोराला उडवून लावता आलं असतं. पण माझं बोट आडवं आलं. बँकेत कॅशवर वर्षानुवर्षं बसलेल्या माणसाच्या बोटाला एक खोड लागते. पाचशेच्या बंडलात एखादी खोटी नोट आली की ते आपोआप थबकतं. खऱ्या नोटेवर गांधीजींचं चित्र, अशोकस्तंभ आणि कडेच्या रेघा उठावाच्या छपाईत असतात. अंगठ्याला ती खरखर कळते. नोट भरायला आलेला गृहस्थ मात्र काचेपलीकडून हमखास म्हणतो, “अहो साहेब, सारखीच तर आहे!” त्याच्या दृष्टीने ती सारखीच असते. तो खोटं बोलत नसतो. फक्त त्याने माझ्याइतक्या नोटा मोजलेल्या नसतात. त्याच्या वाट्याला आलेल्या लगेच खर्च झालेल्या असतात. मग जो मुलगा रोज दोन तास (हिच्या मते चार) त्या पडद्याशी झुंजतो, त्याच्या डोळ्याला माझ्या अंगठ्यासारखी खोड लागली असेल तर? काचेपलीकडचा तो गृहस्थ या प्रकरणात मीच होतो.

कॉमर्सवाल्यांना तत्त्वज्ञान येत नाही असं आर्टसवाले समजतात. पण घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत पाठ करताना आम्हाला उपयुक्ततावादाचीही ओळख झालेली असते. त्या पंथाचा मूळपुरुष जेरेमी बेंथॅम. त्याचं म्हणणं असं, की सुख सारखंच मिळत असेल तर टाचण्यांचा पोरखेळ आणि कविता-संगीत यांची किंमतही सारखीच धरावी. हे वाक्य चिरंजीवांच्या कानावर जाऊ नये म्हणून मी अजून जपतो आहे. त्यावर जॉन स्टुअर्ट मिलने १८६१ साली दुरुस्ती सुचवली. मिल हा बेंथॅमच्या मित्राचा मुलगा, म्हणजे आपल्याकडच्या नात्याने पुतण्याच. आणि पुतण्याने काकांना दुरुस्त करणं महाराष्ट्राला नवीन नाही. मिल म्हणतो, दोन सुखांपैकी सरस कोणतं हे ज्याने दोन्ही अनुभवली आहेत त्यालाच विचारा. एकच चाखलेल्याचं मत मोजू नका.

मी ही कसोटी आमच्या घराला लावली आणि घाबरलो. चिरंजीवांना एकशेवीस हर्ट्झचं सुख माहीत, कारण मित्राकडे ते खेळून आलेले; पण अठरा हजार रुपये म्हणजे काय, हे माहीत नाही. मला अठरा हजार म्हणजे काय ते पैशापैशाने माहीत, पण हर्ट्झचं सुख माहीत नाही. म्हणजे मिलच्या कायद्याप्रमाणे निकाल द्यायला लायक असा एकही इसम आमच्या घरात नव्हता. बहुतेक घरांतली भांडणं याच कारणाने चालतात. एकाला सुख ठाऊक असतं, दुसऱ्याला किंमत. आणि दोघेही स्वतःला न्यायाधीश समजतात.

तेव्हा दोघांनीही लायक व्हायचं ठरवलं. एका रविवारी मी त्या मित्राकडे जाऊन एकशेवीस हर्ट्झवर मोटार चालवली. मोटार भिंतीवर आदळली. भिंत फार सुरेख, अगदी स्पष्ट दिसली. फरक होता का? काहीतरी होतं खरं; तेलपाणी केलेल्या दारासारखं चित्र सरकत होतं. मात्र त्याचे अठरा हजार द्यावेत असं काही मला वाटलं नाही. उलट बाजूने मी चिरंजीवांपुढे महिन्याची जमाखर्चाची वही ठेवली. दूध, वीज, सोसायटी, क्लासची फी, आईचे डोळ्यांचे थेंब. त्याने ती उघडली आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “थेंब एवढे महाग असतात?” तो मिनिटभर मला साठ हर्ट्झचा भासला.

वहीनंतर त्याच्या बोलण्यात हिशेब आला. त्याच्याकडे मित्राच्या भावाकडून अर्ध्या किमतीत घेतलेलं ‘प्लेस्टेशन फोर’ आहे. ते यंत्र २०१३ सालचं, आणि टीव्हीला सेकंदाला जास्तीत जास्त साठ चित्रं पुरवतं. मग एकशेवीसचा टीव्ही कशाला? तर पुढेमागे ‘प्लेस्टेशन फाइव्ह’ घेतलं तर! म्हणजे उद्या होणाऱ्या इच्छेसाठी आज हप्ता. स्कूटरसाठी विमानाची धावपट्टी बांधून ठेवायची, कारण पुढे विमान घ्यायचा विचार आहे. हे त्यानेच आधी कबूल केलं, आणि मग मला न सुचणारी गोष्ट सांगितली : पुठ्ठ्यावर छापतात तो आकडा वेगळा, आणि कामाचा आकडा वेगळा.

कामाचा आकडा म्हणजे इनपुट लॅग. बटण दाबल्यापासून त्याचा परिणाम पडद्यावर दिसेपर्यंतचा उशीर. आजचा टीव्ही आलेलं चित्र तसंच दाखवत नाही. घासूनपुसून, रंग चढवून, गुळगुळीत करून दाखवतो. या नट्टापट्ट्यात काही संचांना शंभर मिलिसेकंदही लागतात, आणि तेवढ्यात खेळातला गडी मरतो. गेम मोड लावला की नट्टापट्टा बंद. चांगला संच मग वीस मिलिसेकंदांच्या आत उत्तर देतो. आमच्या लहानपणी त्या बदकं मारायच्या खेळाची प्लॅस्टिकची बंदूक होती, ती आजच्या टीव्हीवर चालत नाही यामागेही हेच. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होई, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे, आणि बंदुकीतला डोळा तो बघे. जुना काचेचा ढोला टीव्ही ते तत्क्षणी दाखवी. नवा टीव्ही आधी विचार करतो, आणि बदक उडून जातं.

मग दुकान. चिरंजीवांनी आपलं यंत्र खांद्याच्या पिशवीतून नेलं होतं. ते जोडून बघू म्हटल्यावर विक्रेत्याचा चेहरा, नवरीला गाऊन दाखवायला सांगितल्यावर वधुपित्याचा होत असेल तसा झाला. एका संचावर ठळक अक्षरांत १२० लिहिलेलं होतं. खोदून विचारल्यावर निघालं, की पॅनेल साठचंच, बाकीचे साठ कंपनीने स्वतःच्या खास नावाने कल्पिलेले. एचडीएमआयच्या नव्या भोकाचंही तेच. नुसता ‘दोन पॉइंट एक’ हा शिक्का पुरत नाही, पूर्ण फोर-के चित्र एकशेवीसने जातं का, असं स्वच्छ विचारावं लागतं. अखेर त्याने ‘बिनव्याजी हप्ता’ काढला. माणूस चुकीच्या गिऱ्हाइकापुढे बोलत होता. २०१३ साली रिझर्व्ह बँकेनेच बँकांना बजावलं होतं, की शून्य टक्के व्याज अशी काही वस्तू अस्तित्वात नाही. व्याज कुठे ना कुठे, किमतीत किंवा न मिळालेल्या सवलतीत, बसलेलंच असतं. ते मी त्याला सांगितलं. जीएसटीचंही सांगितलं : बत्तीस इंचांवरच्या टीव्हीचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ वर आला आहे, म्हणजे बत्तीस हजारांच्या मूळ किमतीला तीन हजार दोनशे कमी. त्याने माझ्यासाठी चहा मागवला, बहुधा मी गप्प बसावं म्हणून.

शेवटी त्रेचाळीस इंचांचे दोन संच उरले. दोन्ही साठचे, दोन्ही बजेटात, गेम मोडमध्ये दोन्ही चपळ. फरक पॅनेलच्या जातीचा. एकाचा काळा रंग गडद, अंधारात खेळायला उत्तम. पण समोरूनच बघायचा. बाजूने चित्र फिकं पडतं. दुसऱ्याचा काळा थोडा राखाडी, पण कुठूनही बघा, तसाच दिसतो. चिरंजीवांचा जीव पहिल्यावर.

मी एवढंच म्हटलं, “आजीचा दिवाण असतो तिथे जरा उभा राहून बघ.”

त्याने फरशा मोजल्या, डावीकडे जाऊन खिडकीच्या अंदाजाने उभा राहिला. मग गुडघे वाकवून आजीच्या उंचीचा झाला. पुन्हा समोर आला. पुन्हा डावीकडे गेला. गिऱ्हाइकं त्याला वळसा घालून जात होती. पाच मिनिटांनी परत येऊन म्हणाला, “हा नको. आजीला त्यातले सगळे आजारी दिसतील.”

मिलला हवा होता तो लायक न्यायाधीश मला अखेर भेटला. त्याने समोरचं सुख घेतलं होतं, बाजूचं दुःखही पाहिलं होतं, आणि वही वाचली होती. विशेष म्हणजे निकाल त्याच्या विरुद्ध गेला होता, आणि तो त्यानेच दिला होता.

आता टीव्ही भिंतीवर आहे. आई मालिका पाहते, आणि त्यातले सगळे ठणठणीत दिसतात. तिला पॅनेल माहीत नाही. नातवाने आपल्यासाठी कोणता काळा रंग सोडला, हे तिला कधी दिसणार नाही. तिच्या दृष्टीने फरक काहीच नाही. पैसे मात्र कुणीतरी दिलेले आहेत.

बँकेत दिवसाअखेर कॅश जुळली नाही तर त्याला आम्ही ‘डिफरन्स’ आला म्हणतो, आणि तो सापडेपर्यंत कुणी घरी जात नाही. घरातला डिफरन्स मात्र कुणी शोधत बसू नये. तिथे प्रत्येकजण दुसऱ्याच्या, आपल्याला न दिसणाऱ्या फरकाचे पैसे भरत असतो, आणि आपल्या फरकाचे कुणी भरले हे त्याला ठाऊक नसतं. माझ्या बाबतीत ते कुणी भरले असतील, याचा विचार मी हल्ली करू लागलो आहे. शिल्लक रक्कम डोळ्यांच्या थेंबांच्या खाती टाकली.